जुळ्या सिलिंडरच्या मोटरसायकलच्या थ्रॉटल बॉडी घरच्या घरी समतोल कशा कराव्यात?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: आपली गाडी ६५० सीसीची, दोन समांतर सिलिंडरांची आणि २७० अंशांच्या क्रँकची आहे. ती चार वर्षे वापरात आहे. सिग्नलला उभी असताना आयडल, म्हणजे रेस न देता इंजिन ज्या वेगाने चालते तो वेग, खाली-वर होतो, २००० ते ३००० आरपीएमच्या दरम्यान हँडलला बारीक थरथर जाणवते आणि गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रेस सोडून पुन्हा देताना गाडी झटका देते. सर्व्हिसवाल्याने 'थ्रॉटल बॉडी सिंक' करावी लागेल असे सांगितले आहे. पारदर्शक नळी आणि तेल वापरून हे काम घरी करता येते असे आपण ऐकले आहे, तर ते खरे आहे का, आणि त्यात इंजिनाला धोका किती, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

हे काम घरी करता येते, नळीच्या साधनाने करता येते, आणि काळजी घेतली तर महागड्या गेजांइतकेच चांगले होते. मात्र आपण सांगितलेल्या तिन्ही तक्रारी ऐकल्यावर माझा पहिला संशय थ्रॉटल बॉडींवर जात नाही. टॅपेट (व्हॉल्व्हची फट), मॅनिफोल्डचे रबर आणि थ्रॉटल केबल या तीन गोष्टी आधी तपासल्याशिवाय समतोलाच्या स्क्रूला हात लावू नये. कारण समतोल म्हणजे दोन सिलिंडरांची आपसातली तुलना असते, आणि एक सिलिंडर मुळातच दुसऱ्या कारणाने आजारी असेल तर तुलनेचा तो आधारच खोटा ठरतो.

आधी हे पाहू की समतोल बिघडतो म्हणजे नेमके काय होते. थ्रॉटल बॉडी हे हवेच्या वाटेतले नळकांडे असते आणि त्यात एका आडव्या दांड्यावर बसवलेली गोल पातळ चकती, म्हणजे बटरफ्लाय, फिरते. आयडलला ही चकती जवळजवळ बंद असते आणि तिच्या कडेने राहणारी फट मिलिमीटरच्या शतांशांत मोजावी इतकी बारीक असते. दोन बॉडींच्या चकत्यांमध्ये दोन-तीन शतांशांचा फरक पडला तरी आयडलला एका सिलिंडरला दुसऱ्यापेक्षा लक्षणीय जास्त हवा मिळते. तोच फरक थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर काहीच वाटत नाही, कारण तेव्हा चकती वाटेतून जवळजवळ बाजूला झालेली असते. म्हणून समतोल केल्याने गाडीची ताकद किंवा कमाल वेग वाढेल अशी अपेक्षा ठेवू नये. सुधारणा दिसते ती आयडलमध्ये, संथ वेगात आणि रेस नुकतीच उघडताना.

दुसरी बाब पेट्रोलची. आपल्या गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, आरपीएम, थ्रॉटलची स्थिती आणि मॅनिफोल्डमधला दाब यांवरून पेट्रोलचे प्रमाण ठरवतो आणि दोन्ही सिलिंडरांना जवळजवळ सारखेच पेट्रोल देतो. हवा कमी-जास्त आणि पेट्रोल सारखे, असे झाले की एक सिलिंडर लीन (पेट्रोल कमी) आणि दुसरा रिच (पेट्रोल जास्त) चालतो. दोघांचे स्फोट सारख्या ताकदीचे होत नाहीत, आणि तीच विषमता आपल्याला हँडलमध्ये थरथर म्हणून आणि रेस देताना झटका म्हणून जाणवते.

आता त्या तीन गोष्टींकडे वळतो, आणि त्यांतही टॅपेटवर अधिक थांबतो, कारण बहुतेक जण हीच पायरी टाळतात. व्हॉल्व्हची फट कमी झाली असेल, म्हणजे टॅपेट टाइट असेल, तर व्हॉल्व्ह लवकर उघडतो आणि उशिरा बंद होतो. त्यामुळे इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ वाढतो, आयडलला जळालेला वायू थोडा मागे मॅनिफोल्डमध्ये शिरतो आणि त्या सिलिंडरचा व्हॅक्यूम, म्हणजे हवा ओढण्याचा जोर, घसरतो. व्हॅक्यूम मोजणाऱ्या गेजवर हे अगदी समतोल बिघडल्यासारखेच दिसते. आपण त्या बाजूचा हवेचा स्क्रू फिरवून दोन्ही आकडे जुळवलेत तर आकडे जुळतील, पण टॅपेटची चूक हवेच्या चुकीने झाकली जाईल आणि पुढच्या सर्व्हिसला टॅपेट बरोबर केले की समतोल पुन्हा बिघडेल. शिवाय एक्झॉस्टचा टॅपेट फार काळ टाइट राहिला तर व्हॉल्व्ह सीटवर नीट टेकून थंड होऊ शकत नाही आणि जळतो, आणि तो खर्च मोठा असतो. म्हणून इंजिन पूर्ण थंड असताना, शक्यतो रात्रभर उभे राहिल्यानंतर सकाळी, फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी, सगळ्या व्हॉल्व्हांची फट आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्यांशी ताडून पाहावी. दुसऱ्या गाडीचे आकडे वापरू नयेत.

मॅनिफोल्डचे रबर म्हणजे थ्रॉटल बॉडी आणि सिलिंडर हेड यांना जोडणारी जाड रबरी नळी. उष्णतेने तिला बारीक तडे जातात, किंवा तिची क्लिप सैल होते, आणि तिथून थ्रॉटलला वगळून जादा हवा आत जाते. हे तपासण्यासाठी अनेक जण कार्ब क्लीनर फवारतात. गरम एक्झॉस्टजवळ ज्वलनशील द्रव उडवण्याची ही पद्धत मला मान्य नाही. साध्या फवारणीच्या बाटलीतले पाणी पुरते. इंजिन आयडलला असताना रबराच्या सांध्यांवर थोडे पाणी फवारावे. आयडलचा आवाज क्षणभर बदलला तर गळती तिथेच आहे. थ्रॉटल बॉडीवरच्या व्हॅक्यूमच्या तोट्यांना लावलेल्या छोट्या रबरी टोप्याही याच वेळी बोटाने वाकवून पाहाव्यात. चार वर्षांत त्या हमखास कडक होतात आणि टोकाशी फाटतात. आपल्या गाडीचे आयडल खाली-वर होते आहे, त्यामुळे तिथे अशीच एखादी फाटकी टोपी सापडली तर मला आश्चर्य वाटणार नाही.

केबलचे काम थोड्या वेळाचे आहे. ग्रिपला मॅन्युअलमध्ये दिलेला मोकळा खेळ, सहसा दोन-तीन मिलिमीटरचा, असावा आणि हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवताना आयडल बदलू नये. याच्या जोडीला एअर फिल्टर स्वच्छ, प्लग ठीक आणि बॅटरी चार्ज केलेली असावी. बॉडीच्या आत चकतीच्या कडेला काळा थर जमला असेल तर थ्रॉटल बॉडीसाठीचाच सौम्य क्लीनर मऊ कापडावर घेऊन तो पुसावा. काही बॉडींच्या आतल्या पृष्ठभागावर कारखान्यातून लेप दिलेला असतो, म्हणून ब्रश किंवा घासणी वापरून तिथे खरवडू नये.

यानंतर सर्वांत महत्त्वाचा प्रश्न येतो, तो म्हणजे कोणता स्क्रू फिरवायचा. थ्रॉटल बॉडींच्या जोडीवर साधारण तीन प्रकारचे स्क्रू दिसतात. पहिला थ्रॉटल स्टॉप स्क्रू. चकती पूर्ण बंद होण्याआधी ती जिथे थांबते ती जागा हा स्क्रू ठरवतो. तो कारखान्यात बसवून त्यावर रंगाचा ठिपका किंवा लाखेसारखा थर दिलेला असतो, आणि त्याला कधीही हात लावू नये. हा हलला की चकतीची बंद स्थिती आणि थ्रॉटल पोझिशन सेन्सरचा शून्यबिंदू यांची जोडी तुटते, ईसीयूला गाडी आयडलवर आहे हेच कळेनासे होते आणि मग घरी काहीच जुळवता येत नाही. दुसरा, दोन चकत्यांच्या दांड्यांना जोडणाऱ्या लिंकेजवरचा स्क्रू. तो एका चकतीला दुसरीच्या तुलनेत थोडे पुढे-मागे करतो. तिसरा, प्रत्येक बॉडीवरचा हवेचा बायपास स्क्रू. तो चकतीला वळसा घालून जाणारी हवा कमी-जास्त करतो, त्यामुळे त्याचा परिणाम आयडलला सर्वाधिक असतो आणि थ्रॉटल उघडत जाईल तसा संपत जातो. काही गाड्यांत दुसरा आणि तिसरा दोन्ही असतात, काहींत एकच. काही उत्पादक एका बॉडीला आधार मानून तिचा बायपास स्क्रू न हलवण्याची खूण म्हणून त्यावर पांढरा रंग लावतात. आपल्या गाडीत यांपैकी काय आहे हे मॅन्युअलमधल्या आकृतीवरून निश्चित करावे. आकृती हाती नसेल तर जो स्क्रू ओळखता येत नाही तो तसाच ठेवावा.

बायपास स्क्रू असेल तर काम सुरू करण्यापूर्वी तो हलक्या हाताने घड्याळाच्या दिशेने टेकेपर्यंत आत घ्यावा, किती फेरे झाले ते मोजून वहीत लिहावे आणि पुन्हा तितकेच फेरे बाहेर काढून ठेवावा. टेकला की थांबावे. जोर दिला तर पितळी टोकाला खाच पडते आणि मग तो स्क्रू कधीच बारकाईने काम करत नाही. ही नोंद म्हणजे परतीचा रस्ता आहे. पुढे काही चुकले तर जिथून निघालो तिथे येता येते.

आता साधन. दोन गेजांचा संच बाजारात मिळतो, पण स्वस्त संचातली दोन गेज एकमेकांशी जुळतीलच असे नाही. दोन्ही गेज टी-जोडाने एकाच तोटीला लावून पाहिले तर हा फरक लगेच दिसतो, आणि तो लिहून ठेवून पुढच्या मोजणीत धरावा लागतो. नळीच्या साधनात हा दोषच नसतो, कारण एकच द्रव दोन्ही बाजूंचा न्याय करतो. म्हणूनच दोन सिलिंडरांच्या गाडीसाठी मी नळीलाच पसंती देतो.

गवंडी पाणसळीसाठी वापरतात ती पारदर्शक नळी हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते. पाच-सहा मिलिमीटर आतल्या व्यासाची नळी पुरेशी लांब घ्यावी. दीड-दोन मीटर उंचीच्या फळीवर ती इंग्रजी यू अक्षरासारखी केबल टायने घट्ट बसवावी, आणि दोन्ही बाजूंना मध्यापर्यंत येईल इतके टू-स्ट्रोक तेल भरावे. तेलच का, तर चुकून इंजिनात गेलेच तर ते धूर करून जळून जाते. ब्रेक ऑइल रंग खाते, म्हणून ते नको. पारा तर घरात आणूच नये. जुन्या काळी पाऱ्याच्या नळ्या वापरत असत, पण सांडलेला पारा फरशीच्या फटीत महिनोन्महिने विषारी वाफ सोडत राहतो. नळीची दोन वरची टोके दोन थ्रॉटल बॉडींच्या व्हॅक्यूमच्या तोट्यांना जायची. ज्या सिलिंडरचा व्हॅक्यूम जास्त, त्या बाजूला तेल वर चढते.

इथे दोन अडचणी येतात. पहिली लहान, दुसरी गंभीर. पहिली म्हणजे थरथर. १२०० आरपीएमला प्रत्येक सिलिंडर सेकंदाला दहा वेळा हवा ओढतो, म्हणजे एका सिलिंडरच्या दोन ओढींमध्ये १०० मिलिसेकंद जातात. क्रँक ३६० अंशांचा असता, म्हणजे दोन्ही पिस्टन एकदम वर-खाली होत असते, तर दोन सिलिंडरांच्या ओढी नेमक्या ५० मिलिसेकंदांच्या अंतराने आल्या असत्या. आपल्या २७० अंशांच्या क्रँकमध्ये, जसा रॉयल एनफिल्डच्या इंटरसेप्टर ६५० आणि कॉन्टिनेंटल जीटी ६५० यांच्या ६४८ सीसी इंजिनात आहे, ही अंतरे ३७.५ आणि ६२.५ मिलिसेकंद अशी विषम पडतात. तेल त्यामुळे लंगडत उड्या मारते आणि नवख्या माणसाला वाटते की समतोल फारच बिघडला आहे. उपाय असा की दोन्ही बाजूंना हवेची वाट सारखीच अरुंद करावी. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या सलाइनच्या सेटवर जो चाकाचा क्लॅम्प असतो, तो यासाठी उत्तम आहे. दोन्ही बाजूंना एकेक लावून थरथर जवळजवळ थांबेपर्यंत तो आवळावा, पण पूर्ण बंद करू नये. ती नळी मात्र गरम एक्झॉस्टपासून दूर राहील अशी वळवावी.

दुसरी अडचण तेल ओढले जाण्याची. आयडलला थ्रॉटल बॉडीतला सरासरी व्हॅक्यूम साधारण २०० ते २५० मिलिमीटर पारा, म्हणजे तितक्या उंचीचा पाऱ्याचा स्तंभ उचलेल इतका, असतो. पारा पाण्याच्या १३.६ पट जड आणि टू-स्ट्रोक तेल पाण्यापेक्षा थोडे हलके, म्हणून हाच व्हॅक्यूम तेलाला तीन मीटरहून अधिक उंच ओढू शकतो. दोन्ही बाजू जोडलेल्या असतात तोवर त्या एकमेकींना थोपवतात आणि तेल मध्याच्या आसपास राहते. पण एका बाजूची नळी निसटली की दुसरा सिलिंडर सगळे तेल काही क्षणांत पिऊन टाकतो. म्हणून प्रत्येक बाजूला, नळी आणि इंजिन यांच्यामध्ये, झाकणाला दोन भोके पाडून एम-सीलने पक्के केलेली काचेची एकेक बाटली बसवावी. तेल वर चढलेच तर ते बाटलीत पडते. पाण्याची पातळ प्लॅस्टिकची बाटली इथे चालत नाही, ती व्हॅक्यूमने चेपली जाते. दोन्ही बाटल्या सारख्याच मापाच्या असाव्यात. त्यांतली हवा थरथरही कमी करते, हा जादा फायदा.

या साधनाची एक खुबी नीट समजून घेतली तर पुष्कळ मनस्ताप वाचतो. अनेक जपानी गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये दोन सिलिंडरांतला फरक १० मिलिमीटर पारा, म्हणजे १.३३ किलोपास्कल, यापेक्षा जास्त नसावा असे दिलेले असते. हा फरक तेलाच्या नळीवर साधारण १५५ मिलिमीटर दिसतो. म्हणजे दोन पातळ्यांत जवळजवळ पंधरा सेंटिमीटर अंतर असले तरी अशी गाडी उत्पादकाच्या मर्यादेत असते. मी दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत आणून थांबतो. त्यापुढे पातळ्या मिलिमीटरपर्यंत जुळवण्यात वेळ घालवणे आणि इंजिन तापवत राहणे याने गाडीत काहीही फरक पडत नाही.

प्रत्यक्ष कामासाठी मोकळी जागा निवडावी. सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये किंवा शटर ओढलेल्या गाळ्यात हे करू नये. इंजिन बराच वेळ चालू राहते आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गाडी आधी पंधरा-वीस मिनिटे चालवून इंजिन पूर्ण गरम करावे, मेन स्टँडवर घ्यावी आणि समोर टेबल फॅन लावावा, कारण हवेवर थंड होणारे इंजिन उभ्या जागी पटकन तापते. टाकी काढावी लागत असेल तर शक्यतो ती मागून सोडून, उचलून, खाली लाकडी ठोकळा देऊन काम भागवावे. कार्ब्युरेटरच्या गाडीला जशी बाटलीतून पेट्रोल देण्याची सोय करतात, तशी इथे होत नाही. पंप टाकीत असतो आणि इंजेक्टरच्या पाइपमध्ये साधारण तीन बारचा दाब असतो. पाइप वाढवायचाच असेल तर तो इंजेक्शनच्या दाबासाठीचाच हवा, साधा पेट्रोल पाइप सुटून गरम इंजिनावर फवारा उडू शकतो. पाइप सोडण्यापूर्वी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे दाब उतरतो.

तोट्यांपैकी एखादीवर मॅनिफोल्ड प्रेशर सेन्सरची नळी असेल तर ती काढून टाकू नये, टी-जोड घालून सेन्सरही जोडलेला ठेवावा. अलीकडच्या गाड्यांत टाकीतली पेट्रोलची वाफ कॅनिस्टरमधून, म्हणजे ती वाफ साठवणाऱ्या डब्यातून, मॅनिफोल्डकडे जाते. ती नळी मोजणीपुरती चिमटीत धरून बंद करावी, नाहीतर ती एकाच बाजूला जादा हवा देत राहते. एअर फिल्टर आणि त्याचा डबा जागच्या जागी असावा. इग्निशन चालू असताना कोणत्याही सेन्सरचा कनेक्टर काढू नये.

दोन्ही क्लॅम्प बंद ठेवून इंजिन चालू करावे आणि मग दोन्ही एकदम, हळूहळू, थोडे थोडे उघडावेत. तेल एका बाजूला झपाट्याने चढू लागले तर लगेच बंद करावेत. एवढा मोठा फरक असेल तर समतोलाचा प्रश्न नसून टॅपेट, गळती किंवा कॉम्प्रेशनचा असण्याची शक्यता अधिक. तेल थांबले की कोणती बाजू वर आहे ते पाहावे. वर चढलेल्या बाजूला व्हॅक्यूम जास्त आहे, म्हणजे त्या बॉडीतून हवा कमी जाते आहे. तिचा बायपास स्क्रू बाहेर, किंवा दुसरीचा आत, एका वेळी फेऱ्याच्या आठव्या हिश्श्याइतकाच फिरवावा. स्क्रूड्रायव्हर लांब आणि बारीक असावा आणि तो स्क्रूवर दाबून धरू नये, दाबानेच वाचन बदलते आणि सोडल्यावर ते परत जाते. प्रत्येक बदलानंतर हलकी रेस देऊन सोडावी, आयडल स्थिर होऊ द्यावे, काही सेकंद थांबावे आणि मगच तेल वाचावे. आपल्या गाडीत आयडल ईसीयू स्वतः सांभाळतो, त्यामुळे आपण हवा बदलली की तो स्वतःच्या आयडलच्या हवेच्या व्हॉल्व्हने ती भरून काढायला पाहतो. घाईने वाचले तर आपण त्याच्या पाठीमागे धावत राहतो.

आयडलला पातळ्या जुळल्या की बहुतेक जण काम संपले असे समजतात. माझ्या मते खरी परीक्षा यापुढे आहे. थ्रॉटल अगदी सावकाश उघडून आरपीएम २५०० ते ३००० दरम्यान स्थिर धरावे आणि तेल पाहावे. आपल्याला थरथर नेमकी याच पट्ट्यात जाणवते. आयडलला पातळ्या जुळलेल्या आणि इथे फरक पडलेला, असे दिसले तर चूक हवेच्या स्क्रूची नाही, चकत्यांच्या एकमेकींशी असलेल्या कोनाची आहे, आणि ती फक्त लिंकेजच्या स्क्रूने सुटते. ज्या गाडीत लिंकेजचा स्क्रू फिरवण्याची परवानगी मॅन्युअल देते, तिथे क्रम उलटा घ्यावा: दोन्ही बायपास स्क्रू हलकेच टेकवून बंद करावेत, लिंकेजने चकत्या जुळवाव्यात, मग दोन्ही बायपास सारखे उघडून आयडलचा उरलेला फरक त्यांनी मिटवावा. जिथे लिंकेज सीलबंद आहे तिथे आयडल आणि २५०० यांच्यामध्ये सुवर्णमध्य काढावा, आणि त्यात २५०० ला थोडे अधिक वजन द्यावे, कारण रस्त्यावर आपण तिथेच जास्त असतो.

शेवटी नळ्यांची अदलाबदल करून पुन्हा एकदा पाहावे. डावीची उजवीकडे लावल्यावर तेलाने बाजू बदलली तर साधन खरे बोलते आहे. तेल तिथेच राहिले तर एका बाजूचा क्लॅम्प किंवा बाटलीचे झाकण गळते आहे, आणि आतापर्यंतचे जुळवणे रद्द समजावे.

आपला प्रश्न दोन सिलिंडरांपुरता असला तरी चार सिलिंडरांच्या गाडीसाठी हीच नळी जोडीजोडीने वापरता येते. लिंकेज असलेल्या चार बॉडींत आधी पहिली-दुसरी, मग तिसरी-चौथी, आणि शेवटी या दोन जोड्या एकमेकींशी, असा क्रम असतो. बीएमडब्ल्यूच्या आर ११५० जीएससारख्या बॉक्सर इंजिनात दोन बॉडी दोन टोकांना असतात आणि प्रत्येकीला वेगळी केबल येते, म्हणून तिथे आयडलचा समतोल हवेच्या पितळी स्क्रूने आणि वरच्या आरपीएमचा केबलच्या अॅडजस्टरने करतात. ज्या गाडीत थ्रॉटल पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक आहे, तिथे चकती हाताने हलवू नये आणि निदानाच्या उपकरणाशिवाय काम सुरू करू नये.

उंचीबद्दलही पुष्कळ जण विचारतात. लडाखला जाण्यापूर्वी पुण्यात समतोल करून घ्यावा का, की तिथे पोहोचल्यावर? उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि गेजवरचे आकडे खाली येतात हे खरे, पण ते दोन्ही सिलिंडरांचे सारखेच येतात. आपण मोजतो तो दोघांतला फरक, आणि तो उंचीने बदलत नाही. त्यामुळे प्रवासापुरता वेगळा समतोल करण्याची गरज नाही. नेहमीचा नियम म्हणून, टॅपेट तपासले की समतोल तपासावा, आणि मर्यादेत असेल तर स्क्रू न हलवता साधन गुंडाळून ठेवावे.

काम झाल्यावर तोट्यांवर रबरी टोप्या बसवायला विसरू नये, आणि जुन्या कडक झाल्या असतील तर नव्याच घ्याव्यात. कॅनिस्टरची चिमटलेली नळी मोकळी करावी, टाकीखाली कोणतीही नळी किंवा वायर दाबली गेली नाही हे पाहावे आणि पहिल्यांदा इंजिन चालू केल्यावर पेट्रोलच्या सांध्यांवर बोट फिरवून ओल नाही याची खात्री करावी. त्यानंतर गाडी नेहमीच्या रस्त्यावर चालवावी. झटका आणि आयडलचे खाली-वर होणे गेले, पण थरथर ४००० च्या पुढे तशीच राहिली, तर ती समतोलाची नव्हतीच. मग इंजिनाचे माउंटिंग बोल्ट टॉर्क रेंचने तपासावेत, चेनचा ताण पाहावा आणि हँडलच्या टोकाची वजने घट्ट आहेत का ते पाहावे. दोन्ही एक्झॉस्टचे पाइप हेडपासून सारख्याच अंतरावर इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजले आणि एक सातत्याने बराच थंड निघाला, तर त्या बाजूचा प्लग, कॉइल किंवा इंजेक्टर तपासण्यासाठी गाडी जाणत्या कारागिराकडे न्यावी, आणि समतोल आधीच जुळलेला आहे हे त्याला आकड्यांसह सांगावे.